पायघोळ निळा झगा

फार पूर्वी, बॅले राजवाड्यांत नाचला जायचा त्या काळी, एक निळा रेशमी झगा होता, जमिनीवर लोळेल एवढा पायघोळ. नर्तकी कोरीन तो घालून नाचली की टाळ्या पडत. त्या आपल्यालाच, असं तो धरून चालायचा.

एकदा उडी घेताना कोरीनचा पाय त्याच्याच घेरात अडकला आणि ती धाडकन पडली.

"आम्ही जीव तोडून नाचतो, झगेराव," तिच्या पायातल्या सपाता रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पण तुमच्याखाली आम्ही दिसणार कुणाला?"

"मग काय तोकडा होऊ?" झगा फणकारला. पण सुजलेला घोटा चोळणाऱ्या कोरीनकडे त्याची नजर गेली आणि त्याचा ताठा उतरला. "कात्रीताई, चालवा," म्हणत त्यानं अंग चोरलं.

पुढच्या खेळात आखूड झालेल्या झग्यात कोरीननं उडी घेतली, हवेतच पायाला पाय लावला, आणि अख्खा दरबार टाळ्या वाजवत उभा राहिला.

"या टाळ्या तुमच्या हं," झगा हळूच म्हणाला.

"खाली बघा तरी!" सपाता हसल्या.

त्यानं पाहिलं. कोरीनच्या घोट्यांवर सपातांचे नवे बंद बांधलेले होते, त्याच्याच कापलेल्या निळ्या काठाचे.