कोनाड्यातली पणती

"...मग एकच मोठा सर्व्हर घ्यावा, महाराज, की चार छोटे?"

विरागगीर महाराज वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

असला प्रश्न मठात कोणी आणत नाही. पण विश्राम मठाच्याच घाटावर पोहायला शिकला होता आणि याच महाराजांपाशी वाचायला. दुसऱ्या कोणाला विचारावं हे त्याला कळेनासं झालं होतं. नदीकाठच्या गावांना पुराची पातळी सांगणारी साईट त्याची. नदीपलीकडच्या तळवाडीत राहणारे त्याचे वडील, बापू, नुकत्याच आलेल्या पुरात गेले. विश्रामच्या डोक्यावर अजून केस उगवले नव्हते.

त्याने सगळं समजावून सांगितलं. एकच दणकट मशीन सांभाळायला सोपं, पण ते बसलं की सगळंच बसतं. चार घेतली तर एखादं गेल्यावर बाकीची काम ओढून नेतात. नाहीतर भाड्याची घ्यावीत, गर्दी वाढेल तशी आपोआप वाढणारी. यातलं काय हवं ते उद्या जिल्हा कार्यालयाला कळवायचं होतं.

"पुरात तुझी साईट पडली व्हय?"

पडली या शब्दाची विश्रामला भारी चीड.

"नाही. एक क्षणही नाही." एवढ्या दुःखातही आवाजात ताठा आलाच. "मागचा सर्व्हर बंद पडला होता. पण त्याच्यापुढे मी दुसरा ठेवलाय. मागून नवीन काही आलं नाही, तर तो शेवटचं जपून ठेवलेलं पान दाखवत राहतो. सगळ्या गावांना शेवटपर्यंत पान दिसत होतं."

"काय लिवलं हुतं त्यावर?"

विश्रामला ते पाठ होतं.

"पाणी धोक्याच्या पातळीखाली. घरीच थांबा."

"कवाचं लिवल्यालं?"

"सकाळचं."

महाराजांनी आणखी एक वात वळली.

"म्हणून तर विचारतोय," विश्राम म्हणाला. "कोणती मांडणी घेऊ, म्हणजे मागचं पुढचं काहीच कधी बंद पडणार नाही? मला झोप लागत नाही, महाराज. बापू..."

महाराज उठले. पणती घेऊन घाट उतरू लागले. विश्राम मागोमाग गेला. दिवस नुकताच मावळला होता.

घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी भिंतीत एक खोल कोनाडा आहे. रोज तिन्हीसांजेला मठाची पणती तिथे लागते आणि ती थेट तळवाडीतून दिसते. तळवाडीची रीत अशी, की पणती दिसते तोवर खुशाल निजायचं. विझली की नदी कोनाड्यापर्यंत आली. मग कोणाला काही विचारायचं नाही, भांडीकुंडी आवरायची नाहीत, सरळ टेकडी चढायची. कधी वाऱ्यानेच विझायची. मग तळवाडी उगाच रात्रभर टेकडीवर कुडकुडायची आणि सकाळी महाराजांना शिव्या घालायची. साईट आल्यापासून हा त्रास वाचला होता.

महाराजांनी पणती लावली. दोघे शेजारी बसले. पलीकडे तळवाडीत एकही दिवा नव्हता.

आभाळातला उरलासुरला उजेडही गेला.

मग महाराजांनी पाण्यात हात बुडवला आणि ओली बोटं वातीवर दाबली.

अंधार झाला.

विश्राम ताडकन उठला. अर्धा घाट चढून गेल्यावर त्याला आपण काय करतोय ते कळलं. नदी खाली शांत वाहत होती. तो तिथेच उभा राहिला.

"ये, बस. पानी लांब हाय."

"पाय आपोआप उठले, महाराज."

"उठनारच. तळवाडीचा तू."

विश्राम सावकाश खाली आला. महाराजांनी विझलेली पणती त्याच्या हातात दिली. ती अजून कोमट होती.

"तुमच्या शेजारची हौसाक्का सांगत हुती. त्या राती पनती इझली, तवा तुझा बापूबी आसाच उठला. तिच्या आदी दारात हुता."

"मग?"



"मंग त्यानं फोन काडला. म्हनला, तू हो फुडं, आक्का. पोराचं पान काय म्हनतंय तेवडं बगतो."