लखमाईच्या कमानी

फार पूर्वी, जेव्हा डोंगरातले रस्ते घोड्यांच्या टापांनीच ओळखले जात, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरी राज्यात दरवर्षी सुगीनंतर घाटरस्त्याने रथांची शर्यत होई. तेव्हा लहानथोर सारे गाव घाटाच्या कडेला लोटे.

त्या गावात लखमाई नावाची एक लोहारीण होती. नवऱ्यामागे भाता तिनेच चालू ठेवला होता. रथाचा सांगाडा आणि चाके यांच्यामध्ये पोलादी पट्ट्यांच्या कमानी बसवतात. रस्त्याचे धक्के त्या सोसतात. तशा कमानी घडवण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता.

एकदा शर्यतीच्या तोंडावर हैबती तिच्याकडे आला. बरोबर त्याची बायको चिमा होती. शर्यतीत हैबती लगाम धरी आणि चिमा मागे उभी राही. वळण आले की ती बाहेर झुकून रथ तोलून धरी.

त्यांचा रथ हैबतीच्या आजोबांच्या काळातला. सडपातळ, हलका, देखणा. नव्या रथांच्या गर्दीतही माणसे वळून वळून त्याच्याकडेच बघत. पण त्याच्या कमानी आता पार दबून गेल्या होत्या.

"लखमाई, राजाच्या रथांना घातल्यास तसल्या कमानी दे," हैबती म्हणाला. "कडक. गेल्या साली त्याच जिंकल्या."

लखमाई वाकून रथाखाली शिरली. सांधे तिने बोटांनी चाचपले. लाकूड जुने झाले होते. राजाचे रथ जड, लोखंडाने मढवलेले. त्यांना कडक कमानी शोभत. या रथाला मात्र मऊ कमानीच हव्या होत्या. कडक कमानी धक्का गिळणार नाहीत, तो थेट सांध्यांवर जाईल, हे तिला स्पष्ट दिसले.

पण हैबतीला ते सांगायचे कसे? मागे एका सुताराने त्या रथाला म्हातारा म्हटले, तर हैबतीने भर चावडीत त्याची लाज काढली होती. लखमाईने शब्द गिळला आणि दुसरीच युक्ती काढली. किंमत ऐकूनच हा परत फिरेल, असे तिला वाटले.

"त्या कडक कमानींना साठ मोहरा पडतील," ती म्हणाली. खरी किंमत वीस होती.

हैबतीचा चेहरा उतरला. "आणि मऊ घेतल्या तर?"

"बारा."

हैबतीने मनात हिशेब केला. मग त्याचे डोळे चमकले. "म्हणजे जिंकणारे उगाच नाही जिंकत! एवढं मोल असेल तर गुणही तसाच असणार." त्याने मनगटातले सोन्याचे कडे काढून ऐरणीवर ठेवले.

लखमाईची युक्ती उलटली होती. तेवढ्यात चिमा पुढे आली. तिने लखमाईच्या डोळ्यांत बघत विचारले, "माई, आमच्या रथाला चालतील ना या?"

भाता थांबला होता. कुणी मध्ये बोलत नव्हते. 'नाही' म्हणायला याहून चांगली वेळ येणार नव्हती.

"कमानी चांगल्या आहेत," लखमाई म्हणाली. "त्यांच्यात खोट नाही."

चिमाने मान डोलावली. तिचे समाधान झाले.

कडक कमानी रथाला बसवून दिल्या, पण त्यानंतर लखमाईला घास गोड लागेना. रथ हलका आहे, हैबती हुशार आहे, निभेल, असे ती स्वतःला समजावत राहिली. शर्यतीच्या सकाळी मात्र तिला राहवेना. मऊ कमानी खांद्यावर टाकून ती धावतच मैदानात गेली.

"हैबती, या बसव. तुझं कडं परत घे. त्या कमानी तुझ्या रथाच्या नाहीत."

हैबती तिच्याकडे बघतच राहिला. "त्या दिवशी चांगल्या, आणि आज वाईट? कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही रे बाबा, मीच..."

"तूच किंमत सांगितलीस, तूच खोट नाही म्हणालीस. आता कुठली लखमाई खरी मानू?"

लखमाईने मऊ कमानी पुढे धरल्या, पण हैबतीने लगाम उचलला. चिमा रथावर चढली. नगारा वाजला आणि धुळीचा लोट उठला.

लखमाई पायवाटेने घाटाच्या अवघड वळणाकडे पळत सुटली. वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. खाली दरी होती आणि समोरून रथ येत होते. सर्वांत पुढे हैबतीचा! लोक ओरडत होते, फेटे उडवत होते. लखमाईचे डोळे फक्त चाकांवर होते. दगड लागला की चाक रस्ता सोडून उडत होते.

वळण आले. चिमा बाहेर झुकली. चाक उचलले गेले, आपटले, पुन्हा उचलले गेले. कमान तसूभरही वाकली नाही. मग काडकन आवाज झाला आणि सांगाडा मधोमध दुभंगला. घोडे जू तोडून निसटले. हैबती रस्त्यावर फेकला गेला आणि चिमा दरीच्या काठावरच्या करवंदीच्या जाळीत जाऊन पडली. मोडका रथ तिच्यावरून उडून दरीत गेला.

हैबतीने रांगत जाऊन तिला वर ओढले. ती जिवंत होती, पण तिचा उजवा हात कोपरातून लोंबत होता.

लखमाई तिथे पोचली. हैबतीने मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"किंमत वाढवून सांगितली, ती त्याचसाठी. वाटलं, ती ऐकूनच तू परत फिरशील."

कण्हत कण्हत चिमा म्हणाली, "मी तर तोंडानं विचारलं होतं, माई."

लखमाई खाली बसली. चिमाचे डोके तिने मांडीवर घेतले.

चिमा बरी झाली, पण तो हात पुन्हा सरळ झाला नाही. हैबतीने दुसरा रथ घेतला नाही. लखमाई मात्र त्या दिवसापासून बदलली. एखादी कमान रथाला बसणारी नसेल, तर गिऱ्हाईक कितीही मोठे असो, ती पहिल्याच शब्दात 'नाही' म्हणे. कितीतरी जण रागावून निघून गेले. ती त्यांना जाऊ देई.

तात्पर्य: जिथे 'नाही' म्हणायचे तिथे तोंडाने 'नाही'च म्हणावे, आडून सुचवलेले सत्य समोरच्याला वाचवत नाही.