वैद्यबुवांच्या गुहेतली कबुतरे

सागाच्या दाट जंगलात, ओढ्याकाठच्या एका प्रशस्त गुहेत, एक अस्वल दवाखाना चालवीत असे. सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत. पंजा केवढा थोरला, पण जखम धुताना असा हलका पडे की घाबरट सशालासुद्धा झोप लागावी. बुवांना एकच खोड होती. कोणाला ‘नाही’ म्हणायचे म्हटले की त्यांची जीभ अडखळे.

या दवाखान्याची एक रीत होती. बरा झालेला प्राणी घरी जाताना गुहेच्या दारात कबुतरांना मूठभर दाणे टाकी. ही रीत पाडली कोणी? खुद्द बुवांनी! एका कडाक्याच्या थंडीत दोन-चार उपाशी कबुतरे दारात येऊन बसली, बुवांना गलबलून आले आणि त्यांनी ओंजळभर दाणे पसरले. ते पाहून रोगीही टाकू लागले. आता तुम्हीच सांगा मुलांनो, रोज दारात आयते जेवण मिळाल्यावर कोण कशाला दूर जाईल? कबुतरांनी गुहेच्या छताजवळच्या कपारींत घरटी बांधली, पिल्ले वाढवली, पाहुण्यांनाही बोलावले. खाली रोगी आणि वर कबुतरे असा संसार सुरू झाला. काढ्याच्या मडक्यात पिसे पडू लागली, आणि अंथरुणांवर काय पडू लागले ते मी सांगायला नको.

अशात एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन आली. कड्यावरून घसरून त्याच्या मागच्या पायाला खोल जखम झाली होती. बुवांनी पाला वाटून लावला. जखम भरत आली, आणि वरून घाण पडून पुन्हा चिघळली. पुन्हा धुतली, पुन्हा चिघळली.

“बुवा, धावेल ना हो माझं लेकरू?” हरिणीने विचारले.

ज्या हरणाला धावता येत नाही त्याचे जंगलात काय होते, हे तिला माहीत होते आणि बुवांनाही. ते नुसतेच तिच्या पाठीवरून पंजा फिरवीत राहिले.

कबुतरे हटवायला हवीत हे तर उघडच होते. पण जंगलाचा कायदा कडक होता. अंडी किंवा पिल्ले असलेल्या घरट्याला कोणी हात लावायचा नाही. शिवाय तो दवाखाना. तिथे आरडाओरडा करून कसे चालेल?

तेवढ्यात कोल्हा आला. कोणाची अडचण कुठे आहे याचा त्याला बरोबर वास लागतो.

“माझ्यावर सोपवा, बुवा. संध्याकाळपर्यंत एक पीस दिसायचं नाही.”

“कायद्यात बसेल ना रे?”

“बसवू की! तुम्ही फक्त विचारत बसू नका.”

बुवांनी पाडसाच्या पायाकडे पाहिले, आणि विचारले नाही. इथेच त्यांचे चुकले.

कोल्ह्याने कोल्हेकुई करीत थेट कपारीवर उडी मारली. कबुतरांची एकच फडफड उडाली. ससे अंथरुणाखाली शिरले. एक घरटे कलंडले आणि त्यातले अंडे खाली घरंगळले. बुवांनी धावत जाऊन ते अलगद पंजात झेलले म्हणून वाचले! पण त्याच वेळी घाबरलेले पाडस ताडकन उठले, पळायला गेले आणि कोसळले. जखम पार उघडी पडली.

“बाहेर हो!” बुवा गरजले. त्यांचा असा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. कोल्हा शेपूट घालून पसार झाला. हरिणी मात्र पाडसाची जखम चाटत बसली, आणि बुवांना तेच जास्त लागले.

बुवांनी अंडे घरट्यात परत ठेवले, जखम पुन्हा बांधली आणि डोके धरून दाराशी बसले. इतक्यात एक बरी झालेली घोरपड घरी निघाली. रीतीप्रमाणे तिने मूठभर दाणे टाकले. झाले! नुकतीच उधळून गेलेली सगळी कबुतरे भुर्रकन परत आली, पोटभर जेवली आणि आपापल्या कपारीत जाऊन बसली. बुवा बघतच राहिले.

“अरेच्चा! यांना मीच तर रोज बोलावतोय.”

त्यांनी जीभ कशीबशी सैल केली. “घोरपडीबाई, उद्यापासून इथे दाणे टाकायचे नाहीत.”

“अहो, पण रीत आहे ना!”

“मीच पाडली, मीच मोडतो. दाणे टाकायचे तर ओढ्यापलीकडच्या खडकावर टाका. सगळ्यांना सांगा.”

मग बुवांनी पाडसाचे अंथरूण आतल्या कोपऱ्यात नेले आणि त्यावर पळसाच्या पानांचे छत बांधले. शेजारच्या म्हाताऱ्या साळिंदराकडे जाऊन त्याचे गळून पडलेले काटे मागितले. “न्या की, मला काय करायचेत? पण केर काढून द्या,” साळिंदर कुरकुरले. बुवांनी निमूटपणे त्याचे बीळ झाडून दिले. ज्या कपारी रिकाम्या होत्या, तेवढ्यांतच त्यांनी काटे उभे रोवले. कोणाला टोचावे म्हणून नव्हे, बसायला जागा राहू नये म्हणून.

अंडे वाचलेली कबुतरीण हे सारे पाहत होती. “आम्हाला हाकलताय का हो, बुवा?” तिने विचारले.

बुवांचे डोळे भरून आले. “होय गं बाई. पण आज नाही. तुझी पिल्लं उडायला लागेपर्यंत राहा. पलीकडच्या खडकात चांगल्या कपारी आहेत, दाणेही आहेत. इथे माझे आजारी आहेत, त्यांना त्रास होतो.”

“मग आधीच सांगायचं नाही का?” कबुतरीण म्हणाली. “आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडतो आम्ही.”

“आवडता गं,” बुवा म्हणाले. “म्हणूनच तर सांगता येईना.”

एकेका घरट्यातली पिल्ले मोठी झाली, उडाली, आणि दाण्यांच्या मागे ओढा ओलांडून गेली. रिकाम्या कपारीत बुवा लगेच काटे रोवीत. ना आवाज, ना धावपळ. खाली झोपलेल्या रोग्यांना पत्ताही लागला नाही. एके दिवशी म्हाताऱ्या कासवाने मान बाहेर काढून विचारले, “बुवा, हल्ली फार शांत वाटतं हो. माझे कान गेले की काय?”

स्वच्छ अंथरुणावर पाडसाची जखमही भरून आली. एका सकाळी ते उभे राहिले, लटपटले, आईच्या अंगावर रेलले आणि मग सरळ दाराबाहेर धावत सुटले.

“अरे, हळू! हळू!” बुवा ओरडले.

पाडस कसले थांबते? ते टणाटण उड्या मारीत दूर गवतात दिसेनासे झाले, आणि मागोमाग त्याची आईही. रोग्याने आपले ऐकले नाही याचा वैद्यबुवांना इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

तात्पर्य, मुलांनो : आपल्याच सवयीने आलेला त्रास दुसऱ्याचे घरटे मोडून जात नाही. आधी आपली सवय बदलावी, आणि जायला सांगायचे तर त्याची पिल्ले उडेपर्यंत थांबावे.