दहा तात्यासाहेब

एका तालुक्याच्या कॉलेजचे अध्यक्ष तात्यासाहेब सावर्डेकर यांना आपल्या ऑनलाइन सादरीकरणाचा भारी अभिमान. त्यात बारा संगणकांचा एकच फोटो पडद्यावरून दहा वेळा भरकन सरकत जाई आणि बघणाऱ्याला एकशेवीस संगणक पाहिल्यासारखं वाटे. तपासणी समितीने मात्र पीडीएफ मागवली. ती करायचं काम तांबवेकरबाईंकडे आलं. बाई सात वर्षं हंगामी होत्या आणि त्यांच्या कायम नेमणुकीवर तात्यासाहेबांची सही व्हायची होती.

पीडीएफ बघताच तात्यासाहेब कडाडले, “बाई, बाकीचे संगणक कुठे गेले?”

“साहेब, फिरत होते तोवर एकशेवीस होते. थांबले, तेव्हा बाराच निघाले.”

“शहाणपण नको! तोच फोटो दहा वेळा चिकटवा. फाइल माझ्या मनासारखी झाली नाही, तर सही विसरा.”

बाईंनी फोटो दहा वेळा चिकटवला आणि पान दाखवलं.

“साहेब, फोटोत मधोमध फीत कापायला तुम्ही उभे आहात. एका पानावर दहा तात्यासाहेब समितीला पटायचे नाहीत. तुम्हाला पुसलं, तर तुमच्या आकाराचं पांढरं भोक राहतं. मग नऊ तात्यासाहेब पुसू, की नऊ फोटो काढून टाकू?”

तात्यासाहेबांनी पानावरचे दहाही तात्यासाहेब बोटाने मोजले.

“फोटो काढून टाका,” ते म्हणाले. “राहील तो मोठा करा.”

बाईंनी तो पानभर केला. “आता झाली ना फाइल मनासारखी?” असं विचारून त्यांनी नेमणुकीचा कागद पुढे सरकवला.

सही झाली.