देशमुखांच्या पंगतीतली कण्यांची खीर

मंडळी, विश्वास ठेवायचा कोणावर, हुकूम सोडणाऱ्यावर की पानात वाढणाऱ्यावर?

देशमुखांनी दसऱ्याच्या पंगतीसाठी स्वयंपाकीण धोंडाबाईला पक्वान्नांचा हुकूम सोडला, पण तिच्याकडे नुसत्या ज्वारीच्या कण्या आणि गूळ धाडला. तिने त्याचीच खीर रांधली. देशमुखांनी झाकण न काढताच घाईघाईत देवाला नैवेद्य दाखवला. पानात खीर पडली तेव्हा मात्र ते गरजले, "धोंडे, पाहुण्यांपुढे कण्या? उद्या तुझं बिऱ्हाड गावाबाहेर!"

धोंडाबाईने हातातला डाव खाली ठेवला. डोळ्यांपुढे घरची चिल्लीपिल्ली आली. कशीबशी ती म्हणाली, "सरकार, तुमच्याच हातानं हिचा नैवेद्य झालाय. आता हा प्रसाद. नावं ठेवायची तर आधी देवाला ठेवा, त्यानं मुकाट खाल्ली."

पाहुण्यांनी हात जोडले. देशमुखांनी वाटी कपाळाला लावली आणि निमूट संपवली.

तेव्हा बाबांनो, दिलं किती नि मागितलं किती, एवढा हिशेब तरी खरा ठेवा.