मुगाची पिशवी

एकदा एक मुलगी एका वृद्ध वस्तादांसमोर येऊन उभी राहिली, ती दोन्ही मुठी आवळूनच. वस्ताद नदीकाठच्या एका गावात मुष्टियुद्धाची तालीम चालवत असत. सत्तरी केव्हाच उलटलेली, दृष्टी मंदावलेली. मनगटं मात्र अजून उखळातल्या मुसळासारखी सरळ.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

"मैना."

"मुठी कशाला आवळल्यास मैने? इथं अजून कुणी तुला हात लावलेला नाही."

बाकीचे शिष्य हसले. तेवढ्यात कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून पितळी तांब्या निसटला, खणकन आवाज झाला आणि मैना वीतभर उडाली. मग तर हसू कुणालाच आवरेना. एकटे वस्ताद हसले नाहीत.

मैना मान खाली घालून म्हणाली, "माझं हे असंच आहे, वस्ताद. दार आपटलं तरी काळजात धस्स होतं. मला असे हात हवेत की त्यांना काही म्हणजे काही जाणवणार नाही. दगडासारखे."

"बघू," वस्ताद म्हणाले, आणि तिला आत घेतलं.

त्या तालमीत तीन खुंट्यांना तीन पिशव्या टांगलेल्या असत. पहिलीत मूग, दुसरीत वाळू, तिसरीत नदीतले गोटे. नव्या शिष्यानं पहिल्या पिशवीवर ठोसे मारायचे. पुढच्या खुंटीकडे कधी जायचं ते वस्ताद सांगणार. कुणाला सहा महिन्यांनी, कुणाला दोन वर्षांनी. आणखी एक नियम होता. जितका वेळ पिशवी मारायची, तितकाच वेळ कोमट तिळाच्या तेलानं हात आणि मनगटं चोळायची. मारणं सगळ्यांनाच आवडे. चोळायला बसायची वेळ आली की मात्र कुणाला घरची कामं आठवत.

चैत्रात गावाची जत्रा भरे. नदीपलीकडच्या तालमीशी तिथे सामने होत. पहिल्याच वर्षी मैनानं हट्ट धरला आणि ती आखाड्यात उतरली. समोर तुळजा होती, पलीकडच्या लोहाराची मुलगी, खांद्यानं रुंद आणि हातानं जड. मैनाचा पहिलाच ठोसा तिच्या खांद्यावरून घसरला, भार करंगळीकडे गेला आणि मनगट दुमडलं. सामना तिथेच संपला.

हाडवैद्यांनी मनगट बसवलं आणि बजावलं, "हे पहिल्यांदा झालं म्हणून बसलं. पुन्हा असंच दुमडलं तर मूठ वळायची विसर. भाकरीसुद्धा थापता येणार नाही या हातानं."

दुसरी एखादी घरी बसली असती. मैनानं उलट ठरवलं. मनगटावरची पट्टी सुटल्यापासून ती रोज पहाटे, तालीम उघडायच्या आधी, गुपचूप तिसऱ्या पिशवीपाशी जाऊ लागली. सुरुवातीला हात सुजले, कातडी सोलवटली. ती दात आवळून मारत राहिली. तेल चोळायला ती बसतच नसे. तेवढ्या वेळात आणखी शंभर ठोसे होतात, असा तिचा हिशेब. हळूहळू दुखणं कमी झालं. मग थांबलंच. मुठीवर पिवळसर, जाड घट्टे आले. आपले हात पक्के झाले, असं ती समजली, कारण आता दुखत नव्हतं.

जत्रेला चाळीस दिवस उरले असताना तिनं सगळ्यांदेखत एक नारळ ओट्यावर ठेवला आणि एका ठोशात फोडला.

तालमीत एकच गिल्ला झाला. भागा नावाचा सगळ्यांत थोरला शिष्य ओरडला, "आता तुळजाचं काही खरं नाही! अगं, दुखलं नाही का तुला?"

"काहीच वाटलं नाही," मैना अभिमानानं म्हणाली.

वस्ताद जागचे उठले. त्यांनी नारळाकडे पाहिलं नाही. "डोळे मीट," ते मैनाला म्हणाले, "आणि मूठ पुढे कर."

मग त्यांनी पहिल्या पिशवीची गाठ सोडून मुगाचा एक दाणा काढला आणि तिच्या मुठीवरच्या चार हाडांपैकी एकावर ठेवला.

"दाणा कोणत्या बोटावर आहे?"

मैना घुटमळली. "ठेवलात का तुम्ही?"

"ठेवला."

"तर्जनीवर?"

"डोळे उघड." दाणा करंगळीच्या हाडावर होता.

वस्तादांनी तोच दाणा तिच्या हातात दिला, स्वतःचे डोळे मिटले आणि आपली मूठ पुढे केली. त्या मुठीनं साठ वर्षं पिशव्या ठोकल्या होत्या. एकेक हाड सुपारीएवढं झालं होतं. मैनानं श्वास रोखून दाणा अलगद ठेवला.

"मधल्या बोटावर," वस्ताद म्हणाले. "थोडा आतल्या बाजूला."

वस्तादांनी गोट्यांची पिशवी खुंटीवरून उतरवली आणि तिचं तोंड बांधून ती स्वतःच्या बैठकीखाली सरकवली. मुगाच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "उद्यापासून ही."

मैनाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "वस्ताद, चाळीस दिवस उरलेत! एवढं वर्ष मी... आणि आता पुन्हा पहिल्यापासून? मऊ मुगावर?"

"बस इथं," वस्ताद म्हणाले. ती बसली. त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यानं तिचं मनगट चाचपत बोलू लागले.

"तू हाताचा दगड केलास. दगडाला तडा जातो ना, तेव्हा तो दगडाला कळत नाही, पोरी. मनगट दुमडायच्या आधी एक क्षण असतो. ठोसा करंगळीकडे घसरतोय, हे हातानं तेवढ्या क्षणात मनगटाला सांगायचं असतं. मग ते सावरतं. गेल्या वर्षी तुझ्या हातानं सांगितलं होतं, पण मनगटात बळ नव्हतं. आता मनगटात बळ आहे, तर सांगणाराच तू गप्प केलास. मूग मी आधी देतो, ते मऊ असतात म्हणून नाही. त्यांच्यावर मारताना हात काय म्हणतो ते ऐकू येतं, म्हणून देतो. तेल चोळायला लावतो तेही त्यासाठीच. हाड पक्कं होतंच, पण त्याच्या चालीनं. आणि ते तुझं दचकणं. त्याची एवढी लाज धरू नकोस. जे दचकतं ते जागं असतं. त्याला हाकलू नकोस, कामाला लाव."

दुसऱ्या दिवसापासून मैना मुगाच्या पिशवीसमोर उभी राहिली. वस्तादांची आज्ञा अशी, की प्रत्येक ठोसा कोणत्या हाडावर लागला ते मोठ्यानं म्हणायचं. तर्जनी आणि मधलं बोट लागलं तर ठीक. करंगळी लागली तर तिथेच थांबायचं, मनगट कोपराच्या रेषेत आणायचं आणि मगच पुढचा ठोसा मारायचा. पहिले काही दिवस ती नुसत्या अंदाजानं बोलत होती. अंदाज चुकला की वस्ताद आवाजावरून ओळखत आणि काठी जमिनीवर टेकत.

"काय गं, ठोसे मारतेस की पाढे म्हणतेस?" भागानं चिडवलं.

"बोटं मोजतेय. तुझी सगळी जागेवर आहेत ना, एकदा बघून घे."

तेल चोळून चोळून घट्ट्यांची कातडी सुटू लागली. बाराव्या दिवशी मैना एकाएकी थांबली आणि मूठ छातीशी धरून ओरडली, "वस्ताद! दुखतंय! मधल्या बोटावर दुखतंय!"

तालीमभर हशा पिकला. दुखतंय म्हणून एवढी आनंदलेली मुलगी त्या तालमीनं पाहिली नव्हती. वस्तादही मिशीत हसले. "शुभ झालं," ते म्हणाले. "आज अर्धेच ठोसे मार."

जत्रेपर्यंत ती दुसऱ्या पिशवीपर्यंतही पोचली नाही. तरी ठरल्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून ती आखाड्यात उतरली. समोर पुन्हा तुळजाच. वर्षभरात तिचे हात आणखी जड झाले होते. रोज ऐरणीच्या लाकडी ओंडक्यावर ठोसे मारते, असं लोक सांगत. सामन्याचा नियम जुना होता. जी मूठ उघडेल ती हरली. पडलेलं उठू शकतं, पण उघडलेली मूठ म्हणजे शरणागती.

ढोल वाजला. मैना दचकली, आणि त्या दचकण्यातच तुळजाचा पहिला ठोसा चुकवून बाजूला झाली. तिनं मारलेला ठोसा पुन्हा खांद्यावरून घसरला. अगदी गेल्या वर्षीसारखा. करंगळी, असं हातानं सांगितलं. मनगट त्याच क्षणी सरळ झालं, त्याच्यामागे जोर आला आणि पुढचा ठोसा तर्जनी-मधल्या बोटांवर नेमका बसला. तुळजा दोन पावलं मागे सरली. लोक ओरडू लागले.

मग तुळजा चवताळून पुढे आली. तिचा उजवा ठोसा मैनानं कोपर उंचावून अडवला. कोपराच्या हाडावर आपटल्याचा एक बारीकसा, कोरडा आवाज झाला. ढोलांच्या गलक्यात तो दुसऱ्या कुणालाच ऐकू गेला नाही. मैनाला ऐकूही आला आणि जाणवलाही. तुळजा मात्र थांबली नाही. तिनं त्याच हातानं पुन्हा मारलं, आणि पुन्हा. आता ठोशात वजन नव्हतं. फांदीला लोंबकळणारी वस्तू लागावी तसा तो हात लागत होता. मनगट एका बाजूला कललेलं. तुळजाच्या चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नव्हता.

"उघडी पडलीय ती!" भागा जिवाच्या आकांतानं ओरडला. "मार, मैने! आता मार!"

मैनालाही दिसत होतं. तुळजाचा उजवा हात खाली आला होता; छाती, हनुवटी, सगळं मोकळं. एक वर्ष तिनं याच क्षणासाठी घालवलं होतं. तिची मूठ मागे गेली. तेवढ्यात तुळजानं तो मोडका हात पुन्हा उगारला.

मैनानं मूठ उघडली आणि पुढे होऊन तुळजाचं मनगट दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं.

"सोड!" तुळजा गुरकावली.

"हलवू नकोस. तुझं हाड मोडलंय."

"काहीतरीच काय! मला काहीच होत नाहीये."

"हो ना," मैना म्हणाली. "मलाही काहीच होत नव्हतं."

ढोल थांबले. पंचांनी नियमाप्रमाणे मैना हरल्याचं जाहीर केलं. हाडवैद्य धावत आले, त्यांनी मनगट पाहिलं आणि ते तुळजाला म्हणाले, "अजून दोन ठोसे मारले असतेस, तर हा हात कायमचा गेला असता." तुळजानं तेव्हा कुठे आपल्या हाताकडे नीट पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं.

परतताना भागा धुमसत होता. "जिंकलेला सामना! अगं, हातात आलेला सामना घालवलास!"

"घालवला," मैना म्हणाली. "पण हात शाबूत आहे. पुढल्या चैत्रात पुन्हा उतरणार, आणि मूठ उघडणार नाही."

चालता चालता वस्तादांनी कमरेच्या कनवटीतून मुगाचा एक दाणा काढला आणि मैनाला न सांगता, मागून, तिच्या मिटलेल्या मुठीवर टेकवला.

"तर्जनी," मैना मागे न बघताच म्हणाली.

पावसाळा सरता सरता एका सकाळी तुळजा होडी करून नदी ओलांडून आली. हाड सांधलं होतं, हात मात्र अजून बारीक दिसत होता. ती तालमीच्या दारात उभी राहिली. आत यावं की नाही, तिचं ठरत नव्हतं.

वस्तादांनी मैनाकडे पाहिलं. मैना उठली. तिनं पहिल्या पिशवीची गाठ सोडली, तुळजाला डोळे मिटायला सांगितलं आणि तिच्या मुठीवर एक दाणा ठेवला.

"कोणत्या बोटावर आहे?"

तुळजा अगदी हळू म्हणाली, "कळत नाही."

"कळेल," मैना म्हणाली, आणि तेलाची वाटी कोमट करायला चुलीकडे गेली.