गिरजाक्काला मनवैद्यीण भेटली

फार जुनी गोष्ट आहे. एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक घोंगडी विणणारी बाई राहत होती. तिचं नाव गिरजा. तिचा धाकटा भाऊ हरबा नदीवर नाव चालवायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा गिरजेनंच त्याला लहानाचा मोठा केला. तो तिला अक्का म्हणायचा, म्हणून सारं गावच तिला गिरजाक्का म्हणू लागला.

हरबा मनानं वाईट नव्हता, पण भारी आळशी आणि रुसका. त्यात ताडीची सवय. सकाळी घाटावर माणसं खोळंबलेली असायची आणि हा घोरत पडलेला. मग गिरजा धावत जायची. "हरबाला ताप आलाय हो," असं सांगून स्वतःच वल्हं हातात घ्यायची. तो रागावला की तिचा घास घशाखाली उतरत नसे. तो हसला की तिचा दिवस चांगला. तिचा माग तसाच पडून राही आणि अर्ध्या विणलेल्या घोंगडीवर धूळ साचे.

गावाला मात्र तिचं केवढं कौतुक! "बहीण असावी तर अशी," असं जो तो म्हणायचा. ते ऐकलं की गिरजेचा शीण तेवढ्यापुरता पळायचा.

एके दिवशी नाव काठाला लावता लावता तिला घेरी आली आणि ती चिखलात कोसळली. नावेत गावची सुईण होती, काशीमावशी. तिनं गिरजेला सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि विचारलं, "पोरी, पोटभर कधी जेवलीस? गाढ कधी झोपलीस?"

गिरजेला आठवेना.

"तुझं दुखणं अंगातलं नाही गं," मावशी म्हणाली. "मनाचा वैद्य शोध."

त्या मुलखात तापाखोकल्याचे वैद्य होते, तसे मनाचेही होते. पण त्यांच्याकडे जायला लोक लाजत. गिरजाही लाजली. तरी बाजाराच्या दिवशी डोक्यावर पदर ओढून ती पलीकडच्या गावी गेली.

पहिल्या वैद्यानं तिचं बोलणं पुरतं ऐकलंसुद्धा नाही. एक काळा दोरा मंतरून दिला आणि म्हणाला, "भावाच्या दंडाला बांध." गिरजेनं तो मोठ्या श्रद्धेनं बांधला. हरबानं दुसऱ्याच दिवशी तो तोडून टाकला.

दुसरा वैद्य कडक होता. "भावाला घराबाहेर काढ आणि दाराला कडी लाव. चल, पुढचा कोण?" गिरजा तशीच घरी परतली. आपला रोग कुणालाच कळत नाही, आता नकोच ते, असं तिनं ठरवून टाकलं. पण तिला पुन्हा घेरी आली. मग ती स्वतःशीच म्हणाली, "एका सुईनं शिवण जमली नाही, तर आपण दुसरी सुई घेतोच की."

आणि ती तिसऱ्या दारी गेली. तिथे भानुमती नावाची मनवैद्यीण राहत होती.

"काय होतंय?" भानुमतीनं विचारलं.

"हरबा सकाळी उठत नाही. ताडी पितो. बोललं की रुसतो."

"ते हरबाचं झालं. तुला काय होतंय?"

"मला? मला काही नाही. हरबाच जरा..."

गिरजा अडखळली. भानुमती हसली नाही, तिनं घाईही केली नाही. ती नुसती वाट बघत बसली. बऱ्याच वेळानं गिरजेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मला काय होतंय, तेच मला कळत नाही," ती म्हणाली.

"मग आपण तिथूनच सुरुवात करू," भानुमती म्हणाली. "दर बाजाराला येत जा. औषध काही नाही. बोलायचं."

गिरजा जाऊ लागली. सुरुवातीला तर ती वैद्यिणीसाठीही चटणीभाकरी बांधून न्यायची आणि "तुमचा गुडघा दुखतोय का हो?" म्हणून चौकशी करत बसायची. तेव्हा भानुमती म्हणाली, "माझ्या गुडघ्याची काळजी घ्यायला मी आहे. तू निवांत बस." गिरजा ओशाळली आणि मग दोघीही हसल्या.

हळूहळू जुन्या गाठी सुटू लागल्या. एकदा गिरजा म्हणाली, "जाताना आईनं माझा हात धरला होता. म्हणाली, लेकराला सांभाळ."

"आणि ते लेकरू आता केवढं आहे?"

"आता? त्याच्या मिशा माझ्या वेणीएवढ्या झाल्यात," असं म्हणताना गिरजेला हसू फुटलं. पण पुढच्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. खाली बघत ती हळूच म्हणाली, "बाई, त्याला माझी गरज उरली नाही, तर मग मी कोण?"

भानुमतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "एवढं खरं बोलायला छाती लागते," ती म्हणाली. "त्याचं उत्तर मी देऊ शकणार नाही. पण तू ते शोधशील, तोवर मी तुझ्याबरोबर आहे."

पुढे तिची कसोटीच लागली. एका सकाळी घाटावर नवरदेवाचं वऱ्हाड येऊन थांबलं आणि हरबा अंथरुणातून हलेना.

"अक्के, ताप आलाय म्हणून सांग की त्यांना."

गिरजेचा पाय सवयीनं उंबऱ्याबाहेर पडला. तो तिनं मागे घेतला. ती वळली आणि सरळ आवाजात म्हणाली, "हरबा, आजपासून मी खोटं बोलणार नाही आणि तुझी नावही नेणार नाही. भाकरी झाकून ठेवलीय. उठ आणि जा."

हरबा ताडकन उठून बसला. "म्हणजे आता मी तुला नकोसा झालो!"

"नाही रे. तू मला हवाच आहेस. पण तुझं वल्हं तूच मारायचं."

हरबानं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. गिरजा मागावर जाऊन बसली. घाटावरचा आरडाओरडा तिला ऐकू येत होता. रडत रडत ती विणत होती, चुकत होती, उसवत होती. पण उठली नाही.

वऱ्हाड लांबच्या पुलावरून गेलं आणि मुहूर्त टळला. गाव खवळलं. पंचांनी हरबाकडून नाव काढून दुसऱ्याला दिली. बायका गिरजेला टाकून बोलल्या, "सख्ख्या भावाला उघडं पाडलंस!" हरबा रागानं मामाच्या गावी निघून गेला. जाताना त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

गिरजा भानुमतीकडे गेली. "माझं चुकलं का?"

"तुला काय वाटतं?"

गिरजेनं डोळे मिटले. आता तिला हे स्वतःच्या मनाला विचारता येत होतं. "भीती वाटतेय. त्या नवरीचं वाईट वाटतंय. आणि बाई, हलकंही वाटतंय."

"सगळं खरं आहे," भानुमती म्हणाली. "सगळ्याला जागा दे."

ते दिवस सोपे गेले नाहीत. मामाच्या गावी शिदोरी पाठवावी, असं तिला रोज वाटायचं. मग ती स्वतःसाठी गरम भाकरी भाजायची आणि बसून, चावून चावून खायची. एक घोंगडी पुरी झाली. दुसरी लावली. काशीमावशीबरोबर ती जत्रेला गेली आणि पाळण्यात बसून किंचाळली. आपल्याला पाळणा आवडतो, हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं.

थंडी सरता सरता हरबा परत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "अक्के, लई राग आला होता तुझा. मामाकडं कुणी उठवायलाच नव्हतं. आधी रोज शिव्या खाल्ल्या. मग उठायला लागलो."

तो स्वतः पंचांपुढे गेला आणि त्या नवरदेवाच्या घरी जाऊन त्यानं माफी मागितली. पंचांनी नाव परत दिली. ताडी काही एका दिवसात सुटली नाही, अधूनमधून पाय घसरायचा. पण स्वतःला सावरायचाही तोच. गिरजा आता धावत जात नसे. दोघं संध्याकाळी एकत्र जेवत आणि पूर्वी कधी मारल्या नव्हत्या इतक्या गप्पा मारत.

एका बाजाराला गिरजा भानुमतीकडे गेली ती फक्त पाया पडायला. "बाई, तुम्ही माझं जगणं मला परत दिलंत. हे उपकार कसे फेडू?"

भानुमतीचे डोळे भरून आले. "मला फार बरं वाटलं गं," ती म्हणाली. "उपकार फेडायचे नसतात, मनात ठेवायचे असतात. आणि कधी अडलीस तर पुन्हा ये."

परतताना नाव हरबाच वल्हवत होता. "अक्के, काही खरेदी केली नाहीस. मग पलीकडं कशाला गेली होतीस?"

"एका बाईचे आभार मानायला."

"कशाबद्दल?"

गिरजेनं त्याला सगळं सांगितलं. तो दोरा, कडक वैद्य, ती भानुमती, सगळं. हरबा वल्हं मारत ऐकत होता. नाव काठाला लागली. दोर बांधता बांधता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "पुढल्या खेपेला जाशील, तेव्हा माझेपण आभार सांग त्यांना."

तात्पर्य: दुसऱ्याचं आयुष्य आपण जगू लागलो की दोघांचीही आयुष्यं अडून राहतात. ही गाठ एकट्यानं सुटत नसेल तर जाणत्याची मदत मागावी. पहिल्या दारी ती मिळाली नाही, तर पुढचं दार ठोठावावं.